बढतीचा अर्ज भरू की नको?

*वाचकांचे प्रश्न: नोकरी आणि पगार*

या अंकासाठी बढतीविषयीची पाच पत्रं निवडली आहेत. खाजगी कंपनीत अर्ज भरला, मुलाखत दिली, तरी शेवटी नाही म्हणता येतं. बँकेत किंवा रेल्वेत त्याच नकाराची किंमत मोजावी लागते. त्यामुळे एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याने जसंच्या तसं उचलू नये.

प्रश्न: गोरेगाव पूर्वेला एका वित्तीय कंपनीच्या बॅक ऑफिसात सहा वर्षं अ‍ॅनालिस्ट आहे. टीम लीडरच्या जागेसाठी आय.जे.पी. (कंपनीतल्याच लोकांसाठीची अंतर्गत जाहिरात) निघाली आहे, हाताखाली चौदा माणसं असतील. सध्या वर्षाचा ग्रॉस पगार १२ लाख ६० हजार आहे. नव्या जागी १३ लाख ८० हजार होईल असं एच.आर. तोंडी सांगतं. मी डोंबिवलीहून ये-जा करतो. घरचे म्हणतात, चालून आलेली संधी सोडू नकोस. मला माझं काम आवडतं, माणसं सांभाळायची मात्र धास्ती वाटते. फॉर्म भरून नंतर नको म्हटलं तर वाईट दिसेल का? मॅनेजरला आधी सांगू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी आकडा बघू, कारण तुमच्या बाबतीत आकडाच फसवा आहे. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात असं धरतो. आज १२.६० लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न ११.८५ लाख उरतं आणि १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. बढतीनंतर करपात्र उत्पन्न १३.०५ लाख. २०२५-२६ च्या दरांनी पहिल्या १२ लाखांवर ६० हजार, पुढच्या १ लाख ५ हजारांवर १५ टक्क्यांनी १५,७५०, आणि या सगळ्यावर चार टक्के सेस. एकूण ७८,७८० रुपये. म्हणजे १ लाख २० हजारांच्या वाढीतले तुमच्याकडे राहणार ४१,२२०, महिन्याला ३,४३५. निम्मी वाढ बेसिकमध्ये गेली आणि पी.एफ. पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर महिन्याला आणखी सहाशे रुपये पी.एफ.मध्ये जातील. ते तुमचेच आहेत, पण हातात येणार नाहीत. पेढे वाटण्याआधी ही बेरीज घरी दाखवा.

यावर एक उपाय आहे. कंपनी तुमच्या नावे एन.पी.एस.मध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) पैसे भरायला तयार असेल, तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. बेसिक महिना ५५ हजार धरलं तर वर्षाला ९२,४०० रुपये. मग करपात्र उत्पन्न १२,१२,६०० वर येतं. १२ लाखांच्या जरा वर गेलेल्यांना सीमांत सवलत मिळते, म्हणजे वर गेलेल्या रकमेहून जास्त कर लागत नाही. तुमचा कर सेससकट १३,१०४ होईल. मात्र एन.पी.एस.चे पैसे बहुतांश निवृत्तीपर्यंत अडकतात आणि ही रक्कम १३.८० लाखांच्या आतूनच जाते. घराचे हप्ते चालू असतील तर विचार करून. ही सीमांत सवलत साधारण १२ लाख ७० हजार करपात्र उत्पन्नापर्यंतच चालते. त्या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया सरकारजमा होतो, सेस धरला तर रुपयाहून थोडं जास्तच. पगाराची बोलणी करताना त्या पट्ट्यात अडकू नका. आणि १३.८० लाख हा आकडा ग्रॉसचा आहे की सी.टी.सी.चा (कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा), हे विचारल्याशिवाय यातलं काहीच पक्कं धरू नका. सी.टी.सी. असेल तर त्यात कंपनीचा पी.एफ.चा वाटा, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग) घुसवलेलं असतं. आज व्हेरिएबल दहा टक्के आणि तिकडे वीस असेल, तर वाढ बरीचशी कागदावरचीच.

आता धास्तीबद्दल. चौदा माणसं म्हणजे नेमकं किती काम, हे आधीच मोजता येतं. प्रत्येकाशी पंधरवड्यातून एकदा अर्धा तास बोलायचं ठरवलं तरी आठवड्याचे साडेतीन तास गेले. रोस्टर, रजा, क्लायंटच्या तक्रारी आणि महिनाअखेरचा रिपोर्ट वेगळा. कुणी नोकरी सोडली की त्याचं काम जागा भरेपर्यंत कोण करतं? बहुतेक ठिकाणी टीम लीडरच. म्हणून ज्या मॅनेजरच्या हाताखाली जागा आहे त्याच्याकडे वीस मिनिटं मागा आणि विचारा: स्वतःच्या हातची फाइल किती टक्के राहणार? जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? सोडली असेल तर किती महिन्यांत? वर्षभरात दोन लीडर बदलले असतील, तर दोष त्या माणसांत नसून खुर्चीत असण्याची शक्यता जास्त. कुणी आधीपासूनच ते काम 'तात्पुरतं' बघतंय का, हेही कळून घ्या. तसं असेल तर जाहिरात बऱ्याचदा उपचारापुरती निघालेली असते. तरी मुलाखत द्यायला हरकत नाही, फक्त आशा लावून बसू नका.

डोंबिवलीचा मुद्दा लहान समजू नका. लीडर शिफ्टच्या आधी अर्धा तास येतो आणि रिपोर्ट गेल्याशिवाय उठत नाही. दादरला गाडी बदलून येत असाल किंवा घाटकोपरहून मेट्रोने, रोजच्या दोन प्रवासांत तीन-साडेतीन तास जातातच. त्यात हा तास घाला. टीम दुपारच्या शिफ्टची असेल तर लीडरला ऑफिसची गाडी मिळते का, आणि ती डोंबिवलीपर्यंत सोडते की ठाण्यापर्यंतच, हे आधी विचारा.

कंपनीचं आय.जे.पी.चं धोरण इंट्रानेटवर असतं, ते नीट वाचा. चार ठिकाणी माणूस हमखास फसतो. वाढ रुजू झाल्या दिवसापासून की पुढच्या एप्रिलपासून? जुन्या टीमने तीस, साठ की नव्वद दिवसांत सोडायचं, आणि त्या काळात दोन्हीकडची कामं कोण करणार? नव्या जागी किती महिने दुसरा अर्ज करता येत नाही? आणि नोटीस पिरियड साठवरून नव्वद दिवस होतो का? हा शेवटचा बदल पत्रात एका ओळीत असतो आणि दुसरीकडे नोकरी शोधायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मॅनेजरला आधीच सांगा. बहुतेक सिस्टीममध्ये फॉर्म मंजुरीसाठी त्याच्याकडेच जातो, मग त्याला ती बातमी ईमेलमधून का कळावी? भाषण नको. "ही जागा बघतोय, अर्ज करावा असं वाटतंय, तुमचं मत काय?" एवढं पुरे. ऑफर येण्याआधी माघार घेतली तर फारसं कुणी मनावर घेत नाही. ऑफर स्वीकारून, बदली माणूस नेमल्यावर नकार दिला तर पुढची दोन वर्षं लक्षात ठेवतात.

आमचं मत: अर्ज करा, मुलाखतीपर्यंत जा. एन.पी.एस.ची सोय किंवा १४.५० लाखांच्या आसपास ग्रॉस, आणि वाढ रुजू होण्याच्या तारखेपासून, या दोन गोष्टी लेखी मिळाल्या तर घ्या. महिन्याच्या साडेतीन हजारांसाठी चौदा माणसांची जबाबदारी आणि रोजचा जास्तीचा तास, हा सौदा आम्हाला महाग वाटतो. माणसं सांभाळायचा अनुभव बायोडेटावर हवाच असेल तर गोष्ट वेगळी. मग त्यासाठी दोन वर्षं धरा आणि पुढची उडी बाहेर मारायच्या हिशेबाने घ्या.

प्रश्न: साकीनाक्याच्या कारखान्यात सी.एन.सी. (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर आहे. पगार २०,४०० रुपये, महिन्याला पंचवीसेक तास ओव्हरटाइम. सुपरवायझरसाठी नाव द्या म्हणतात, पगार २५,५००. आई-वडिलांची साखरेची आणि बी.पी.ची औषधं ई.एस.आय.मधून (कामगार विमा योजनेतून) येतात. वय २९.
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर: २०,४०० ला २६ ने आणि मग ८ ने भागलं की तासाला ९८ रुपये येतात. दुप्पट दराने १९६. पंचवीस तासांचे सुमारे ४,९००. तुम्ही आजच २५,३०० मिळवताय (स्लिपवर ओव्हरटाइमचा दर वेगळा असेल तर तो धरा). सुपरवायझरला सहसा ओव्हरटाइम नसतो. म्हणजे बढती दोनशे रुपयांची, आणि थांबायचे तास तेवढेच.

त्यात ई.एस.आय. ई.एस.आय.साठी मोजला जाणारा पगार २१,००० च्या वर गेला की तुम्ही योजनेबाहेर. या मर्यादेत ओव्हरटाइम धरत नाहीत, म्हणून आज तुम्ही आत आहात. नव्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. तुमच्या पगारातला नेमका कोणता भाग धरणार ते अकाउंट्सकडून लिहून घ्या. बाहेर गेलात तर आई-वडिलांसाठी मुलुंडच्या किंवा कांदिवलीच्या ई.एस.आय. रुग्णालयाचं दार बंद. बाजारातून त्यांचा मेडिक्लेम काढला तर आधीपासूनच्या आजारांवर तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते, आणि साखर नेमकी त्यात येते. बोनसच्या कायद्यातही जुनी मर्यादा २१,००० चीच. नव्या वेतन संहितेत ती सरकारने ठरवायची आहे, म्हणून कंपनी या दिवाळीला तुम्हाला बोनसमध्ये धरणार का, हेही विचारा. नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत व्हायची.

बोनसचे महिना हजार आणि आई-वडिलांच्या विम्याचे दोन हजार धरले, तर २८,३०० ला नुसती बरोबरी होते. त्याखाली होकार देऊ नका. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील पहिल्या दिवसापासून, जुन्या आजारांसकट धरले जात असतील तर थोडं खाली यायला हरकत नाही.

पगारवाढीची तारीखही महत्त्वाची आहे. ई.एस.आय.चे वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. काळ चालू असताना पगार मर्यादेच्या वर गेला, तर तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते: तुमची ०.७५ टक्के, कंपनीची ३.२५ टक्के. ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै-डिसेंबरचा लाभ असतो, एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी-जूनचा. म्हणून बढती १ ऑक्टोबरऐवजी १ नोव्हेंबरपासून लागू झाली, तर एका महिन्याच्या वाढीच्या बदल्यात सहा महिन्यांचं जास्तीचं संरक्षण मिळतं. तेवढ्या काळात मेडिक्लेमची सोय लावता येते.

तुमच्या वयाला आम्ही दुसरी वाट सुचवू: सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा), आणि पुढे प्रोग्रॅमर. हे काम तांत्रिक आहे, माणसांवर देखरेखीचं नाही. ओव्हरटाइम सहसा टिकतो आणि कारखाना बदलला तरी हुन्नर बरोबर येतो. नाव द्यायचंच तर त्या जागेसाठी द्या.

प्रश्न: बी.के.सी.तल्या कंपनीत आहे. असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली आहे. मला अठरावा आठवडा चालू आहे, ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही. अर्ज करू, की बाळंतपणानंतर बघू?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर: करा, आणि आत्ताच करा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. कंपनी बदलली तर हे दिवस शून्यापासून मोजतात. अंतर्गत बढतीत मोजणी तुटत नाही.

दुसरं म्हणजे, रजेतला पगार रजेच्या लगेच आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. नवी जागा सहा आठवड्यांत मिळाली आणि तारखेच्या दोन आठवडे आधी रजेवर गेलात, तर मधे चौदा आठवडे मिळतात. म्हणजे अख्खी रजा नव्या पगारावर. एच.आर. "पगार पुढच्या सायकलमध्ये बघू" म्हणालं तर हाच फायदा बुडतो, तेव्हा तिथे अडून बसा.

मुलाखतीत गरोदरपणाबद्दल सांगायचं बंधन नाही. पण ऑफर हातात आल्यावर, रुजू होण्याआधी नव्या मॅनेजरला सांगा आणि रजेच्या काळात काम कुणाकडे राहील याचं एक पान सोबत द्या. नव्या पदावर तीन-सहा महिन्यांची चाचणी असेल, तर रजेचे दिवस त्यात धरले जाणार नाहीत हे ईमेलवर घ्या. रजेवर असताना नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या करायला कायद्याने मनाई आहे, पण "चाचणी पूर्ण झाली नाही" ही पळवाट काही जण काढतात.

प्रश्न: सरकारी बँकेच्या दादर शाखेत चौदा वर्षं क्लार्क आहे. अधिकारी पदाच्या परीक्षेचं परिपत्रक आलंय. मुलगा यंदा दहावीत गेला. बदलीची भीती वाटते. नुसती परीक्षा देऊन बघू का?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर: 'देऊन बघू' हे खाजगीत चालतं. बँकेत निवड झाल्यावर बढती नाकारली तर बऱ्याच बँकांच्या धोरणात पुढची काही वर्षं अर्ज करता येत नाही. ती मुदत परिपत्रकाच्या शेवटच्या पानांवर सापडेल. ती आधी वाचा, मग फॉर्म.

पगाराचं म्हणाल तर बाराव्या द्विपक्षीय करारानुसार क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० ते ६४,४८० आणि स्केल एक अधिकाऱ्याचं ४८,४८० ते ८५,९२०. बढतीत मूळ वेतन खाली येत नाही, पण सुरुवातीचा फरक अपेक्षेपेक्षा कमी वाटतो आणि ओव्हरटाइम थांबतो. खरा फायदा वरच्या टोकाला आणि पुढच्या स्केलमध्ये आहे. तुमच्या हातात अजून पंधरा-वीस वर्षं असतील तर तो नक्की दिसेल. पाचच वर्षं उरलेल्याला आम्ही इतक्या उत्साहाने सांगणार नाही. जे.ए.आय.आय.बी. (बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा) झालं नसेल तर आधी ते उरका. वेतनवाढ मिळतेच, बढतीच्या गुणांतही बऱ्याच ठिकाणी उपयोग होतो.

बदली बहुधा होणारच. युनियनच्या प्रतिनिधीकडून मागच्या दोन बॅचचे मुंबईतले लोक कुठे पडले याची यादी मिळवा. कल्याण-पनवेलपर्यंत पडले असतील तर एक निर्णय, परराज्यात पडले असतील तर दुसरा. अधिकाऱ्याला भाड्याच्या घराची सोय असते. बदली झाल्यावर कुटुंब मुंबईतच ठेवलं तर ती इथे मिळते का, हे विचारून घ्या. निकाल आणि पोस्टिंग फेब्रुवारी-मार्चच्या आत येणार असेल, म्हणजे नेमकं बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, तर आम्ही यंदाचं वर्ष सोडू. पोस्टिंग एप्रिलनंतर असेल तर फॉर्म भरा. अकरावीचा प्रवेश नव्या गावीही घेता येतो.

आणखी एक गोष्ट लोक बोलत नाहीत. अधिकारी झालात की कर्जमंजुरीवर तुमची सही येते आणि खातं बुडालं की स्टाफ अकाउंटेबिलिटीची, म्हणजे दोष कुठल्या कर्मचाऱ्याचा याची, चौकशीही. कॅश काउंटरवरची चूक त्याच संध्याकाळी कळते, कर्जातली चार वर्षांनी. परीक्षेच्या अभ्यासाबरोबर शाखेतल्या कर्ज विभागात दोन-तीन महिने काम मागून घ्या. ते जमत नसेल किंवा आवडत नसेल, तर परीक्षेआधीच कळलेलं बरं.

प्रश्न: मध्य रेल्वेच्या सीएसएमटी कार्यालयात सीनियर क्लार्क, लेव्हल ५. दोन वर्षांपूर्वी एम.ए.सी.पी.ने (ठरावीक वर्षांच्या सेवेवर, बढतीशिवाय मिळणारी वरची वेतनश्रेणी) लेव्हल ६ मिळाली. आता ऑफिस सुपरिटेंडेंटची बढती येतेय, जागा इगतपुरीला. पगारात काय पडेल? नाकारली तर?
— एक वाचक, कल्याण

उत्तर: पगारात काही नाही. ऑफिस सुपरिटेंडेंटची लेव्हल ६ तुम्ही एम.ए.सी.पी.त आधीच घेतली आहे, त्यामुळे पुन्हा वेतननिश्चितीचा फायदा मिळत नाही. मिळेल ते पदनाम आणि चीफ ऑफिस सुपरिटेंडेंटच्या रांगेतली जागा. ज्यांना एम.ए.सी.पी. मिळालेली नाही त्यांचा हिशेब निराळा. उदाहरणार्थ, लेव्हल ५ मध्ये ३८,१०० वर असलेल्याला आधी एक वेतनवाढ म्हणजे ३९,२००, मग लेव्हल ६ मधला त्याच्या बरोबरीचा किंवा लगेच वरचा टप्पा म्हणजे ३९,९००. अशांनी वेतननिश्चिती बढतीच्या तारखेपासून हवी की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, हा पर्याय एका महिन्यात लेखी द्यायचा असतो.

तुम्ही नाकारलीत तर मिळालेली लेव्हल ६ काढून घेत नाहीत, पण वर्षभर बढतीचा विचार होत नाही आणि दरम्यान बढती घेणारे कनिष्ठ तुमच्या पुढे जातात. शिवाय पुन्हा बढतीला तयार होईपर्यंत पुढच्या एम.ए.सी.पी.साठीही तुमचा विचार थांबतो. एम.ए.सी.पी. १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेवर मिळते. तुमची पुढची वर्ष-दोन वर्षांत येत असेल, तर इगतपुरीला जा आणि रुजू झाल्यावर लगेच परतीच्या बदलीसाठी नाव नोंदवा. ती सहा-सात वर्षं दूर असेल आणि घरची अडचण खरीच असेल, तर यंदा नकार परवडेल. नकार लेखी द्या, कारण लिहा आणि पोच घेऊन ठेवा. पत्राला उत्तर न देता गप्प बसणं, किंवा मुदतीत रुजू न होणं, हे नकाराहून जास्त महागात पडतं.